दगडाची लोकर

मराठी मध्यमवर्गात दोन पंथ आहेत. एक 'विकत आणा' पंथ आणि दुसरा 'घरी करू' पंथ. शैव-वैष्णवांचे भांडण कधीच मिटले, पण यांचे मिटण्याची चिन्हे नाहीत. पहिल्या पंथाचे आद्यवचन, "आपला वेळ काय फुकट आहे?" दुसऱ्याचे, "अहो, त्यात आहे काय!" चकलीपासून आकाशकंदिलापर्यंत आणि गणपतीच्या मखरापासून पोराच्या मुंजीतल्या लाडवांपर्यंत हा तंटा चालतो. हे दोन्ही पंथ सहसा एकाच घरात सापडतात, कारण त्यांची एकमेकांशी लग्ने झालेली असतात.

तरीसुद्धा या तंट्याचा विषय कधी 'शांतता' असेल, आणि ती विकत आणावी की घरी करावी यावर आमच्या घरात महिनाभर खल होईल, असे मला कुणी सांगितले असते तर मी त्याला वसईची हवा बाधली असे समजलो असतो.

झाले असे, की माझ्या भाच्याला ध्वनिमुद्रणाचा नाद आहे. नालासोपाऱ्याचे त्याचे घर भर रस्त्यावर, म्हणून त्याचा डोळा वसईच्या आमच्या आतल्या खोलीवर. दहा बाय अकराची खोली. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून तिथे दोन ट्रंका, शिवणयंत्र आणि मागल्या उन्हाळ्यातले पापड राहत होते.

"मामा, ही खोली द्या. आत्याआजीची गाणी घेऊन टाकू."

आत्याआजी म्हणजे माझी आगाशीची आत्या. वय ऐंशीला दोन कमी. हळदीची, मांडवाची, मुलगी सासरी निघतानाची अशी वाडवळी बोलीतली लग्नगाणी तिला इतकी येतात की एका लग्नात संपत नाहीत. ही गाणी दोघींनी म्हणायची. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. ओळ उचलणारी तिची धाकटी बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. आत्याचाही दम हल्ली ओळीच्या मध्येच संपतो. जे काही करायचे ते लवकर, हे न बोलता सगळ्यांना कळत होते. मी पापडांची सोय स्वयंपाकघराच्या माळ्यावर केली.

भाचा आला, खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने एक टाळी वाजवली. टाळी भिंतीभिंतींतून टर्रर्र करत फिरली आणि मग विझली. "ऐकलंत? खोली बोलते आहे. आजी एक गाणार आणि या चार भिंती मागाहून तेच गाणार."

इथे दोन्ही पंथांनी शड्डू ठोकले. भाचा 'विकत आणा' पंथाचा. त्याने फोनवर स्पंजाचे काळे कोनदार चौकोन दाखवले. दिसायला मगरीच्या पाठीसारखे. आमचे मेहुणे, म्हणजे भाच्याचे तीर्थरूप, कट्टर 'घरी करू'. "अहो, त्यात आहे काय!" म्हणत ते दुसऱ्याच दिवशी अंड्यांचे पन्नास पुठ्ठ्याचे ट्रे घेऊन आले. जगातल्या प्रत्येक शहरात असे एक मेहुणे असावेत, कारण अंड्यांच्या ट्रेने आवाज थांबतो ही समजूत जगभर आहे. चार ट्रे लावून झाले आणि भाच्याने पुन्हा टाळी वाजवली. टाळीला अंड्यांचे काहीच वाटले नाही.

"पातळ पुठ्ठा फार तर किणकिणाट थोडा कमी करील. भरदार आवाजाला त्याचं काय?" भाचा म्हणाला. मग न्यायाने त्याने स्वतःच्या स्पंजाचीही उलटतपासणी केली, हे मात्र मला आवडले. आवाजाची लांबी असते म्हणे. सेकंदाला दोनशे हेलकावे घेणाऱ्या आवाजाची एक लाट पावणेदोन मीटरच्या जवळपास भरते. असल्या लाटेपुढे इंचभर स्पंज म्हणजे अर्नाळ्याच्या समुद्राला टॉवेल दाखवण्यासारखे. तो वरचा 'स' आणि 'च' गिळतो, खालचा घुमारा तसाच ठेवतो. म्हणजे आत्या रांजणातून गायल्यासारखी ऐकू येणार. शिवाय स्वस्तातला स्पंज पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. घरात देवघराची समई चोवीस तास तेवत असल्याने हा मुद्दा सौभाग्यवतींनी तत्काळ मंजूर केला.

तेवढ्यात तिनेच मुळावर घाव घातला. "पण यानं बाहेरचा आवाज बंद होईल ना?"

"नाही मामी. आतला आवाज शोषणं वेगळं आणि बाहेरचा अडवणं वेगळं. अडवायला वजन लागतं. भिंत दुप्पट जड केली तर पाच-सहा डेसिबलनं फरक पडणार. आणि दाराखाली बोटभर फट राहिली की सगळी मेहनत त्या फटीतून जाणार."

बाहेरचा आवाज म्हणजे वसईचा आवाज. हे प्रकरण जुने आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि इथल्या चर्चच्या घंटा मराठे हत्तीवरून मिरवल्यासारख्या घेऊन गेले. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. वसई शांत करण्याचा तो पहिला आणि बहुधा शेवटचा प्रयत्न. त्यानंतर लोकल आली, वरच्या मजल्यावर ड्रिल आले, पाण्याच्या टँकरचा पंप आला, लग्नाचा बँड आला. २००९ साली महानगरपालिका झाली आणि २०१४ साली पालघर जिल्हा झाला, पण भंगारवाल्याची पट्टी काही बदलली नाही.

दोन्ही पंथ असे जायबंदी होऊन पडले असताना भाच्याने एक गोष्ट सांगितली, आणि मला या विषयात प्रथमच गोडी वाटली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सेबाइन नावाचा एक तरुण प्राध्यापक होता. तिथल्या नव्या व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. म्हणजे वक्ता सातव्या शब्दावर आणि श्रोते अजून पहिल्याच्या शोधात. आपल्याकडे यावर चौकशी समिती नेमली असती. त्यांनी सेबाइनला नेमले. या गृहस्थाने शेजारच्या नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या रात्री वाहून आणल्या. एक गादी ठेवायची, ऑर्गनची नळी वाजवायची, घड्याळ लावून घुमारा मोजायचा. आणखी गाद्या, पुन्हा नळी. सकाळच्या आत गाद्या परत. रात्री अशासाठी, की दिवसा रस्त्याचा गोंगाट. आपल्या अंगावरचे कपडेही आवाज पितात हे ध्यानात आल्यावर तो प्रयोगाला दर वेळी तेच कपडे घालून जाऊ लागला. (त्याच्या घरच्यांचे यावर काय म्हणणे होते ते भाच्याला ठाऊक नव्हते.) या उद्योगातून एक सूत्र निघाले, आणि त्याच्या सल्ल्याने बांधलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली उघडले, आजही ते जगातल्या उत्तम सभागृहांत गणले जाते.

मला सगळ्यात भावले ते त्याचे माप. आवाज पिण्याचे एकक त्याने धरले 'उघडी खिडकी'. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषण. तात्पर्य, जगातला सर्वोत्तम ध्वनिशोषक आमच्या खोलीत आधीपासून होता आणि फुकट होता. फक्त तो उघडला की आवाज बाहेर जाण्याऐवजी अख्खी वसई आत यायची.

भाच्याने कागदावर हिशेब मांडला. खोलीचे घनफळ तीस घनमीटर. उघड्या भिंती, दार, फरशी मिळून पाचेक चौरस मीटर खिडकीचे काम करणार. सूत्राने घुमारा निघाला जवळजवळ एक सेकंद. दोन बाय चार फुटांचे, चार इंच जाडीचे आठ चौकोन भिंतीपासून थोडे सोडून लावले तर आणखी सहाएक चौरस मीटर मिळणार आणि घुमारा निम्म्याच्या खाली येणार. असे तयार चौकोन मिळतात, पण त्यांचा भाव ऐकून मेहुण्यांनी अंड्यांच्या ट्रेकडे पुन्हा आशेने पाहिले.

शेवटी तह झाला: कच्चा माल विकत, बाकी घरी. यासाठी वसईसारखे गाव नाही. वालीव, गोखिवरे, सातिवली या बाजूला गाळ्यागाळ्यातून जगाला लागणारी प्रत्येक वस्तू कुणीतरी कापत, ठोकत किंवा रंगवत असतो. तिथून आली रॉकवुल. म्हणजे दगडाची लोकर. आपला सह्याद्री ज्या जातीच्या काळ्या दगडाचा, तो दगड भट्टीत वितळवून त्याचे केसासारखे तंतू काढायचे आणि दाबून लादी करायची. आवाज त्या तंतूंत शिरतो, घासतो, त्याची किंचित ऊब होते आणि तो संपतो. ही लोकर जळत नाही. अंगाला खाजते मात्र अशी, की हातमोजे न घालता हात लावणाऱ्या मेहुण्यांनी तीन दिवस विरारच्या लोकलमध्ये खाजवून खाजवून आपल्याभोवती जागा करून घेतली.

लाकडी चौकटींसाठी सुतार आला. त्याने माप घेतले आणि विचारले, "साहेब, फळ्या किती टाकू?"

"फळ्या नकोत."

"मग यात ठेवणार काय?"

"लोकर."

"आणि पाठ?"

"पाठ नको. हवा जायला पाहिजे."

त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि माझ्याऐवजी हिच्याकडे पाहिले. घरातले शहाणे माणूस कोण ते सुतारांना कळते.

वर ताणायच्या कापडाची परीक्षा सोपी असते: तोंडाशी धरून फुंकर मारायची. पलीकडे गेली तर आवाजही जाईल. दुकानातल्या सुंदर जाड पडद्याच्या कापडातून फुंकर गेली नाही. हिच्या जुन्या सुती साड्यांतून झुळकीसारखी गेली. अशा रीतीने आठ चौकटींवर चार साड्या चढल्या. चार तयार चौकोनांच्या पैशात आठ झाले. त्यात सुताराचा चहा, आमचे जेवण आणि मेहुण्यांचे मलम धरलेले नाही. 'घरी करू' पंथात हे धरत नाहीत.

भाच्याने टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच बसली. खोली गप्प झाली होती.

आत्या आली ती रात्री मुक्कामालाच. कारण बाहेरचा आवाज अडवण्याचा एकच परवडणारा मार्ग उरला होता: सेबाइनचा. रात्र. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटण्याआधी. पंखा बंद, कारण तोही आवाज करतो. मे महिना होता आणि भिंतीवर दगडाची लोकर.

"आजी, बांगड्या वाजतात. काढून ठेवता का?"

"का? तुझे आजोबा आहेत अजून," आत्या म्हणाली आणि पदराच्या टोकाने बांगड्या बांधून घेतल्या. आमच्या सगळ्या खटाटोपातले सर्वांत स्वस्त आणि अचूक काम ते होते.

ती गाऊ लागली. पहिली ओळ झाली, आणि ती थांबली. पुन्हा म्हणाली, पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळी चष्मा काढून खोलीभर पाहू लागली.

"काय झालं, आत्या?"

"अरे, इथे कुणी उचलतच नाही. मघा या खोलीत पदर ठीक करताना गुणगुणले... नाही, ते बाहेरच्या खोलीत. तिथे निदान भिंत तरी साथ देते."

भाच्याने इतक्या कष्टाने मारलेली ती भिंत. आत्याच्या कानाला बहिणीची सवय. ओळ टाकली की मागून काहीतरी यायला हवे. तिच्या गाण्याचा अर्धा भाग नेहमीच दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात राहत आला होता, आणि तो घ्यायला आमच्याकडे यंत्र नव्हते. कुणीच काही बोलले नाही. मेहुणेसुद्धा.

मग ही उठली आणि आत्याच्या शेजारी सतरंजीवर बसली. "मला सांगा आत्या, मी उचलते. चुकले तर रागवा."

आत्या पहाटेपर्यंत रागावली. दुसऱ्या रात्री खालच्या मजल्यावरच्या दोघी आल्या, तिसऱ्या रात्री माझी बहीण. आता सूत्राप्रमाणे एक माणूस सुमारे अर्धा चौरस मीटर उघडी खिडकी. भाच्याने हिशेब करून दोन चौकोन उतरवले, कारण तेवढा आवाज बायकाच पीत होत्या. मेहुण्यांना घनतेच्या दृष्टीने कोपऱ्यात बसवण्यात आले. ते तिथे झोपले आणि त्यांचा उपयोग उलट झाला.

गाय प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या खेडोपाडी जाऊन जमवल्या. लाखाच्या वर भरल्या. बायका जिथे दळतात तिथे हे लोक गेले. आम्ही मात्र गाणारीला लोकरीत गुंडाळून एकटी बसवली होती. मांडवातली गाणी, त्यांना मांडव नाही तरी चार बायका हव्यातच. एकतीस गाणी झाली. एका गाण्यात मालगाडी आहे. भाचा ती पुसायला निघाला होता, आत्या म्हणाली, "राहू दे. लग्नाला पाहुणे यायचेच."

आता आमच्या इमारतीत ती गाणी उचलणाऱ्या चौघी आहेत. ओळ टाकणारी अजून एकच आहे, पण ही त्या प्रयत्नात आहे. कुकरच्या शिट्ट्यांच्या मधून ऐकू येते.

उतरवलेल्या दोन चौकोनांकडे बोट दाखवून आत्याने निघताना विचारले, "ही उशी नेऊ का रे? यांच्या घोरण्याला होईल."

भाच्याने तिला शोषणे आणि अडवणे यांतला फरक पुन्हा समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि दोन्ही चौकोन रिक्षात घातले. आठ दिवसांनी मी फोन करून विचारले, "काय आत्या, आतोबांचं घोरणं थांबलं का?"

"थांबलं कुठलं? पण पूर्वी नुसता गोंधळ असायचा. आता कसं स्वच्छ ऐकू येतं!"