घट्ट बुटांची गोष्ट

मुलांनो, वाचता वाचता एक काम करा. पायमोजे काढा आणि बोटांच्या बेचक्यांत डोकावून बघा. कातडी पांढरट, भिजल्यासारखी दिसतेय? खाज सुटते? मग त्या चिखल्या. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या कळसला त्या सगळ्यांना ठाऊक. उसाला दारं धरायचं म्हणजे तासन्‌तास पाय चिखलात! पण खरा चोर चिखल नव्हे बरं का, ओलाव्यात वाढणारी बुरशी. दिवसभर घामट बूट घालणाऱ्या शहरातल्या मुलांनाही ती गाठतेच. म्हणून आंघोळीनंतर बेचकी कोरडी पुसायची.

माझी फजिती मात्र नखानं केली. मी सहावीत होतो. पी.टी.चे बूट घट्ट झाले होते, पण नवे दिवाळीशिवाय मिळायचे नाहीत हे माहीत होतं. म्हणून गप्प बसलो. अंगठा दुखायला लागला तेव्हा दादांच्या दाढीच्या ब्लेडनं नखाचे कोपरे गोल कापले. तिथंच चुकलं. नख वाढताना कोपरा मांसात रुतला, अंगठा सुजला, पू झाला. कुणी विचारलं की सांगायचो, "ठेच लागली."

आठवड्यानं ताप भरला आणि जांघेत गाठ आली. आजीनं हात लावून पाहिला अन् म्हणाली, "अवधाण आलंय. पाय दाखव बघू." शाळा न शिकलेल्या आजीला ठाऊक होतं, की जांघेत गाठ आली तर जखम पायावर शोधायची! (नखुरड्यावर लिंबू बांधायचा तिचा उपाय मात्र आता करू नका.)

डॉक्टरांनी अंगठा बधिर केला, पू काढला, रुतलेली कड कापली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. नख सरळ कापायचं, कोपरे कोरायचे नाहीत, हे तेव्हा कळलं.

आईबाबांनो, तुमच्यासाठीही दोन शब्द. तळव्यावरच्या 'कुरुपात' काळे ठिपके दिसले तर ती बहुधा विषाणूमुळे आलेली चामखीळ असते. ब्लेड लावू नका. आणि चिखल्यांना दुकानातून कुठलीही ट्यूब आणू नका. तिच्यात स्टेरॉइड असलं तर खाज थांबते, बुरशी पसरत राहते.

घरी आल्यावर दादांनी ते बूट हातात घेतले, उलटसुलट पाहिले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं की रं."

पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. माझं नीट व्हायला सातवीची दिवाळी उजाडली.