मोठी माय

आमच्याकडं पूर्वज कुणी हौसेनं शोधत नाही. जात वैधतेचं प्रकरण आलं की शोधतात. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. जितका जुना तितका भक्कम. पुतणीच्या प्रवेशासाठी मीही त्याच कामाला लागलो. तळेगावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात वडील सापडले, 1954-55च्या अधिकार अभिलेखात आजोबा. त्यामागं जायचं तर कोतवाल पंजी, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूंची नोंदवही. आष्टी तालुका वेगळा व्हायच्या आधीचं सगळं आर्वीला.

कोतवाल पंजीत बाळाचं नाव नसतं. 'अमक्यास मुलगा झाला', जात, तारीख, संपलं. बाळंतिणीचं तर नावच नको. त्यात पणजोबांच्या नावाचा आणखी एक माणूस गावात होता. नक्कल हातात असून मी अडलो, तेव्हा कुणीतरी निवृत्त कोतवालबाबांचं घर दाखवलं.

त्यांच्याकडं कोतवालकी तीन पिढ्यांची. मध्य प्रांताच्या काळात आमच्या भागात कोतवाल बहुधा महार समाजातला. गस्त घालायची, दवंडी द्यायची आणि घरोघरचे जन्ममृत्यू ध्यानात ठेवून ठाण्यात कळवायचे. मोबदला खळ्यावरचं धान्य. पुष्कळदा त्याला लिहिता येत नसे, दुसरा कुणी लिहून देई. म्हणजे आज ज्या पंजीवर आमच्या पोरांचे प्रवेश ठरतात, ती ज्याच्या स्मरणावर उभी आहे त्याला आमच्या ओट्यावर बसायची मुभा नव्हती. बाबांनी मला आधी चहा पाजला, मग नक्कल मागितली.

सोबत मी घरातला एकुलता जुना फोटो नेला होता. रंगवलेल्या पडद्यापुढं खुर्चीवर पणजोबा, बाजूला लुगड्यातली बाई, पुढ्यात टोपीवाला पोरगा, म्हणजे आजोबा. तिला आम्ही पणजी म्हणत आलो. बाबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"थे तुया आजाची माय नोहे बाबू. थे मोठी माय होय."

पणजोबांची पहिली बायको. मूल नाही म्हणून माहेरी धाडलेली. धाकटी 'मोठ्या तापात' गेली तेव्हा अंगावरचं पोर सांभाळायला तिलाच परत आणलं, आणि ती आली. का आली असेल, हे कुठल्या रकान्यात बसणार?

मोठा ताप म्हणजे 1918चा इन्फ्लुएंझा. मध्य प्रांत त्यात फार होरपळला. मी ऑक्टोबरची मृत्यूंची पानं पुन्हा काढून घेतली. ओळीमागून ओळ, कारण एकच: ताप. त्यात पणजोबांचं नाव, पुढं 'याची बायको', वय 20. त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाला पोरीच होत्या आणि त्याची बायको बाबांनी म्हातारी झालेली पाहिली होती. जन्माची नोंदही तिथंच जुळली.

मोठ्या मायला त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. "बाकीच्या बाया जवारी वरून टाकत. थे हातात दे," एवढंच म्हणाले.

पुतणीला वैधता मिळाली. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात मोठ्या मायला जागा नाही. तो तक्ता बापाकडून लेकाकडं उतरतो. बाबांना काही देऊ केलं तर त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "माया आजाचं नाव हाय का थ्या पंजीत कुठी?" त्यांच्या नातवाचंही प्रकरण अडलंय, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950च्या आधीचा कागद लागतो. सोमवारी त्यांना घेऊन आर्वीला जायचं आहे.