वस्त्रगाळ पाणी

आमच्या आजोळी वस्त्रगाळ केल्यावाचून पाणी कोणी पीत नसे. आजी चौपदरी धूतवस्त्र घागरीच्या तोंडास बांधी आणि आम्हां मुलांस ते शुचित्वाचे एक व्रतच वाटे. त्याच घरी शेतावर राबणारा एक गडी होता. उन्हाळा आला की त्याच्या पायातून नारू निघे. तो काडीस गुंडाळून दररोज थोडथोडा ओढीत ओसरीखाली बसलेला गडी आम्हांस अजून दिसतो. तो पिई ते पायविहिरीचे पाणी, न गाळलेले. त्यासही गाळून पिण्यास सांगावे, हे घरात कोणाच्या मनात आले नाही. आमचे सोवळे उंबरठ्यापाशी संपत होते.

मध्यंतरी इंदुरास आप्तांकडे गेलो असता ही आठवण जागी झाली. बहाई पंथीयांनी १९८५ साली तेथे ग्रामीण स्त्रियांसाठी एक संस्था काढली. पुढे तिला ‘बरली’ हे नाव मिळाले. आदिवासी घराचा भार वाहणारा मधला खांब तो बरली. झाबुआ जिल्ह्यातील मुली येथे राहून अक्षरे व आरोग्याचे नियम शिकल्या. पाण्यातील बारीक किड्यांवाटे नारू पोटात जातो आणि साध्या फडक्याने तो अडतो, हे ज्ञान त्यांच्याबरोबर गावोगावी गेले. ह्या कार्याचा गौरव १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने केला. सरकारी मोहीम होतीच. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. ह्या रोगावर ना लस, ना औषध! तरीही १९८६ साली जगात सुमारे ३५ लाख असलेले रुग्ण २०२३ साली अवघे १४ उरले.

इराणातील हमामांच्या साचलेल्या घाण पाण्यात उतरू नये, असे बहाउल्लांनी १८७३ च्या सुमारास रचलेल्या ‘अक्दस’ ग्रंथात बजावले आहे. परंतु शुचित्वाची आज्ञा आमच्या आजीसही होतीच की! मग भेद कोठे पडला? मनुष्यजात एक आहे, सेवा हीच उपासना आहे, आणि मुलगी ही उद्याच्या पिढीची पहिली गुरू असल्यामुळे तिला आधी शिकवावे, ही त्या पंथाची तत्त्वे शुचित्वास उंबरठ्याबाहेर काढतात. दूरदेशी औषधांच्या पेट्या पाठविणारे दाते पुष्कळ आहेत, व त्यांचे उपकारही मोठे. पण घेणारा हा केवळ घेणाराच राहिला, तर पेटी सरताच काम सरते. घेणाऱ्यास शिकविणारा करणे, हे आम्हांस आरोग्यकार्याचे खरे मर्म वाटते.

आम्ही बहाई नव्हे. तीस वर्षे महाविद्यालयात शिकविण्याचाच धंदा केला आहे. म्हणूनच हे अधिक बोचते. तो गडी केव्हाच निवर्तला. पाणी गाळण्याजोगी फडकी आमच्या घरी तेव्हाही पुष्कळ होती. त्यांतले एक त्याच्या हाती देऊन दोन शब्द सांगावयाचे तेवढे राहिले.