कोयनेचा हादरा

भूकंपाने एखाद्या राष्ट्राचे दैव पालटल्याची गोष्ट निघाली, की अभ्यासक लिस्बनचे नाव घेतात. आम्हा खडकवासल्याच्या जुन्या रहिवाशांच्या ओठी मात्र आधी कोयना येते. लिस्बनइतका मृत्यूचा खच कोयनेत पडला नाही, राजधानी जळाली नाही, राजा तंबूत राहायला गेला नाही. तरीही माझी अशी धारणा आहे, की ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेने ह्या देशाच्या वाटचालीला जे वळण दिले, त्याची नोंद आपण पुरेशी घेतलेली नाही.

आमचे वडील तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले. ज्या गावात घागरभर पाण्यासाठी बायकांना कोस कोस तुडवावा लागे, त्या गावचे. मिशनच्या आधाराने सुतारकाम शिकले आणि खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेत नोकरीला लागले. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली सुरू केलेली ही संस्था १९२५ साली खडकवासल्याला आली आणि १९३६ साली केंद्र सरकारकडे गेली. धरणाच्या पायथ्याशी जागा निवडण्याचे कारण साधे होते: तलावाचे पाणी उताराने आपोआप आत येई. ह्या पाण्यावर देशभरच्या नद्यांच्या, बंदरांच्या आणि धरणांच्या प्रतिकृती चालत. वडील त्यांचे लाकडी भाग घडवीत. दुष्काळी गावच्या माणसाला गुडघाभर उंचीच्या धरणावरून पाणी कोसळताना पाहून काय वाटत असेल, ह्याचा विचार मी पुढे पुष्कळदा केला. धरण हा शब्द ते ज्या आदराने उच्चारीत, त्या आदराने फार थोडे शब्द उच्चारीत.

त्या आदराला पहिला तडा १२ जुलै १९६१ रोजी गेला. पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे १८७९च्या सुमारास पुरे झालेले दगडी धरणही टिकले नाही. सर विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली जिथे आपले स्वयंचलित दरवाजे बसवले होते, ते हेच धरण. पुण्याचे त्या दिवशी काय झाले, ते सर्वश्रुत आहे. धरणाची भिंत पुन्हा उभी राहिली, पण आमच्या वसाहतीत रात्री पाण्याचा आवाज जरा वेगळा वाटला तरी माणसे उठून बसत.

अशा ठिकाणी १९६७ची ती पहाट उगवली. आगमनकाळाचा दुसरा रविवार नुकताच सरला होता. मी नऊ वर्षांची होते. चार वाजून एकवीस मिनिटांनी फळीवरची भांडी वाजू लागली, खाट भिंतीपासून सरकली, आणि मग वसाहतीभर एकच आरोळी उठली: धरण! जमीन हलली ह्याचे भय कुणालाच नव्हते. सर्वांची तोंडे भिंतीकडे होती. आईने आम्हा भावंडांना घेऊन टेकडीची वाट धरली, आजीने अंधारातच जपमाळ सुरू केली, आणि वडील कंदील घेऊन उलट दिशेने धरणाकडे गेले. उजाडल्यावर परत आले ते एवढेच म्हणाले, "भिंत जागची हललेली नाही."

हादरा कुठला ते पुढे कळले. सातारा जिल्ह्यात, कोयनानगरला. सुमारे पावणेदोनशे ते दोनशे माणसे दगावली, दोन हजारांवर जखमी झाली, आणि कोयनानगरच्या वसाहतीतली बहुतेक घरे पडली किंवा खिळखिळी झाली. आजीने आपला निवाडा देऊन टाकला: पापाचा घडा भरला, दुसरे काय! वडील सहसा तिला उलट बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "आई, शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती इतरांहून जास्त पापी होती का, हे प्रभूनंच विचारलंय. मग कोयनेच्या लेकरांचा हिशेब आपण कशाला करायचा?" आजी गप्प झाली. तिला पटले असे मात्र मला आजही वाटत नाही.

हाच वाद दोनशे वर्षांपूर्वी साऱ्या युरोपात झडला होता. १ नोव्हेंबर १७५५, शनिवार, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या पुढे लिस्बनची चर्चेस मिस्सेसाठी भरलेली असताना धरणीने त्यांना झोडपले. वेदींवरच्या मेणबत्त्यांनी आणि घरोघरच्या चुलींनी आग लावली, समुद्र आत शिरला. मृतांचे अंदाज तीस हजारांपासून साठ हजारांपर्यंत जातात. पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या मंत्र्याने शहर नव्याने बांधले. भिंतींच्या आत लाकडी पिंजऱ्यासारखा सांगाडा घालण्याची पद्धत त्यात वापरली गेली. गाब्रिएल मालाग्रिदा ह्या येशूसंघीय धर्मगुरूने हा भूकंप म्हणजे देवाची शिक्षा असे लिहिले, आणि पोंबालशी वैर पत्करले. १७५९ साली येशूसंघीयांना पोर्तुगालमधून आणि त्याच्या सर्व मुलखांतून हाकलले गेले. आपला गोवाही त्यातून सुटला नाही. १७६१ साली मालाग्रिदाला देहान्त शासन झाले. भूकंप हे ह्या हकालपट्टीचे एकमेव कारण खचित नव्हे. पण त्या राखेतूनच पोंबालची सत्ता वर आली, हे खरे.

ह्या कथेत एक गोष्ट मला मोलाची वाटते आणि ती फारशी सांगितली जात नाही. पोंबालने देशभरच्या धर्मग्रामांकडे प्रश्नावली धाडली. धक्का किती वेळ टिकला, कोणत्या दिशेने आल्यासारखा वाटला, समुद्र आधी चढला की ओसरला, किती घरे पडली, किती माणसे गेली? ही उत्तरे खेडोपाडीच्या धर्मगुरूंनी लिहून पाठवली, आणि भूकंपशास्त्राच्या पायाचा एक दगड म्हणून ती आज वाचली जातात. व्यासपीठावरून शिक्षा सांगणारा एक धर्मगुरू इतिहासात गाजला. पडक्या चर्चच्या बाजूला बसून ओसरलेल्या समुद्राची नोंद करणाऱ्या शेकडो फादरांची नावे कुणाच्या स्मरणात नाहीत.

खडकवासल्याच्या आमच्या संस्थेनेही असेच नोंदीचे काम केले होते, आणि तेही भूकंपाच्या आधी. कोयनेच्या जलाशयात १९६२ साली पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात त्या परिसरात जमिनीखालून गडगडाट ऐकू येऊ लागला. संस्थेने तिथे भूकंपमापक बसवले. १३ सप्टेंबर १९६७ रोजी एक मोठा धक्का नोंदला गेला आणि तीन महिन्यांनी हा, ६.३ तीव्रतेचा. जलाशयातल्या पाण्याचा भार आणि खडकाच्या भेगांत मुरणारा दाब आधीच ताणलेल्या भूस्तराला निमित्त ठरू शकतो, ही गोष्ट जगाने अमेरिकेतल्या लेक मीडजवळ आणि आफ्रिकेतल्या करिबाजवळ पाहिली होती. पण जलाशयाशी जोडल्या गेलेल्या भूकंपांत कोयनेएवढा मोठा भूकंप अजून दुसरा झालेला नाही.

त्या वेळची देशाची अवस्था आठवली पाहिजे. १९६५चे युद्ध, लागोपाठचे दोन दुष्काळ, १९६६चे रुपयाचे अवमूल्यन. नेहरू गेले होते आणि त्यांनी नव्या युगाची तीर्थे मानलेली धरणे मागे राहिली होती. कोयनेला तर लोक महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणत. पोफळीच्या डोंगराच्या पोटात फिरणाऱ्या यंत्रांवर मुंबईचे कारखाने अवलंबून होते. ती यंत्रे त्या पहाटे थांबली. दख्खनचे पठार म्हणजे अचल खडक, ही शाळेतली शिकवणही तिथेच थांबली. देशाच्या भूकंपनकाशात 'शून्य' नावाचा एक विभाग होता, जिथे धोका जवळजवळ नाही असे समजत. १९७०च्या सुधारित नकाशातून तो शून्य काढून टाकला गेला आणि कोयना चौथ्या विभागात गेली.

धरणाचे काय झाले? १०३ मीटर उंचीची ती भिंत गुरुत्वाकर्षणाच्या पाच शतांश एवढा आडवा धक्का धरून आखली होती. धरणाच्या आतल्या बोगद्यात बसवलेल्या यंत्राने नोंदलेला उच्चांक त्रेसष्ट शतांश होता, म्हणजे बारा पटींहून अधिक. भिंतीच्या वरच्या भागात, जिथे मागचा उतार एकदम बदलतो, तिथे आडव्या भेगा पडल्या. भिंत मात्र उभी राहिली. भेगा बुजवल्या, मागच्या बाजूला भक्कम आधार बांधले. त्या एका यंत्राचा आलेख पुढे धरणे आखणाऱ्या जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासला. भूकंपाचा विचार केल्याविना मोठे धरण बांधायचे नाही, हा दंडक ह्या देशात त्या भेगांतून रुजला. वडिलांचा धरणांवरचा विश्वासही त्यानंतर टिकला, पण तो श्रद्धेसारखा राहिला नाही. आकडे विचारू लागला.

तरीही माझ्या मनाला एक सल लागून राहिला आहे. कोयनेला धरण उभे राहिले आणि घरे पडली. देशाने धडा घेतला तो धरणाचा. घराचा धडा तसाच राहिला. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेशविसर्जन करून लोक निजलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. तीव्रता कोयनेच्या आसपासच, पण माणसे गेली आठ ते दहा हजार. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि धाब्याच्या जड छपरांनी ती गाडली. नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. तो पहिला विभागही मग २००२ साली रद्द झाला. शून्य पुसायला कोयना लागली, एक पुसायला किल्लारी. आणि ज्यांची गावे पाण्याखाली घालून कोयनेचा जलाशय भरला, ते विस्थापित अजून आपल्या जमिनींसाठी भांडत आले आहेत. भाग्यरेषा कुणाच्या तळहातावर उमटली, हे त्यांना कुणी विचारले नाही.

कोयनेची जमीन आजही अधूनमधून थरथरते. कऱ्हाडला केंद्र सरकारची एक प्रयोगशाळा उभी राहिली असून कोयना परिसरात २०१७ साली तीन किलोमीटर खोल विवर खणून झाले. वरचा काळा पाषाण किलोमीटरभर गेल्यावर खाली एकदम ग्रॅनाइट लागला, अतिप्राचीन आणि भेगाळलेला. त्या भेगांत यंत्रे उतरवून शास्त्रज्ञ आता पुढच्या धक्क्याची चाहूल घेत आहेत.