उत्तनला दोन रात्री

मंडळी, भाईंदर म्हटले की तुमच्यापैकी पुष्कळांना लोकलची गर्दी आठवेल, नाहीतर तिकडे नोकरीला असलेला एखादा पुतण्या. मलाही तेवढेच ठाऊक होते. गेल्या जानेवारीत आमच्या मेहुणीच्या मुलीचे लग्न तिथे निघाले. दोन खोल्यांचे घर आणि वीस पाहुणे. आम्ही दोघांनी कुठे अंग टाकायचे हा प्रश्नच होता. भाच्याने तोड काढली. म्हणाला, "मावशी, तुम्ही नि काका उत्तनला राहा. बसने पाऊण तास. घरगुती सोय आहे, झोपायला खोली आणि सकाळची न्याहारी."

मला हे फारसे रुचले नाही. पैसे देऊन दुसऱ्याच्या घरात राहायचे, म्हणजे ना धड पाहुणा ना धड गिऱ्हाईक. शिवाय या विषयाचे माझ्या मनात एक जुने दुखणे होते. ते पुढे सांगतो.

स्टेशनच्या पश्चिमेकडून बस सुटली आणि दहा मिनिटांत इमारती विरळ झाल्या. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे लागतात. २००२ साली मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली आणि ही गावे शहरात मोडू लागली, पण अजून कौलारू घरे आणि परसातली केळ दिसते. या बाजूला पूर्वीपासून मिठागरे. आपण वाफ्यात पाणी सोडतो ते पीक वाढावे म्हणून. इथे भरतीचे पाणी वाफ्यात घेतात ते उन्हाने उडून जावे म्हणून. एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत पाणी घट्ट करायचे आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरले की ओढून काठावर ढीग लावायचे. पाऊस आपल्याला देव, मिठागरवाल्याला तो वैरी.

पुढे डोंगरी लागते. तिथे बेथलेहेम मातेचे चर्च आहे. वाटेवरच धारावी देवीचे देऊळ, आणि समुद्राच्या अंगाला बालेपीरचा दर्गा. एकाच टेकाडाच्या आसपास तिन्ही ठिकाणी लोक नवस बोलतात. उत्तन, पाली, चौक ही गावे मुख्यतः ख्रिस्ती कोळी आणि वाडीवाल्यांची. बोली मराठीच, पण कानाला सवय व्हायला एक दिवस लागतो.

आमचे घर वाडीत होते. अंगणात दगडी क्रूस, त्याला झेंडूची माळ. घरधनीण साठीच्या पुढची. तिचा धाकटा मुलगा होडीवर जातो. दोन मुलींची लग्ने झाली तेव्हा मागच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या, त्याच ती पाहुण्यांना देते. पलंग तेच, कपाट तेच, भिंतीवर मुलींचे लग्नातले फोटोही तसेच. तिने आमच्या सौं.ना ताई म्हटले, मला भाऊ, आणि पहिला प्रश्न केला, "उद्या गुरुवार. तुमी वार पाळता काय?" आमच्या सौ. पाळतात. सकाळी त्यांच्यापुढे घावन आणि ओल्या नारळाची चटणी आली, आणि माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण. त्याला बाटली मसाला होता. मे महिन्यात वीसएक जिन्नस भाजून कुटतात आणि गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून हे नाव. पावसाळाभर वास हलत नाही.

न्हाणीघरात फवारा नव्हता. बादली आणि तांब्या. मुंबईची माणसे यावर कुरकुर करतात, असे तिने हसत सांगितले. मी विहीर पाहायला गेलो आणि कारण कळले. समुद्र इतका जवळ असला की जमिनीखाली खारे पाणी असते आणि त्याच्यावर पावसाचे गोडे पाणी सायीसारखे तरंगते. पंप लावून भसाभसा उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते, आणि एकदा चढले की नारळ सुकतो, भाजी करपते. शेजारच्या एका वाडीचे तसे झाले होते. हिच्याकडे लहानसा पंप आहे, तो सकाळी अर्धा तास चालतो, बाकी रहाट. माझ्या पदवीत हे सारे मी शिकलो होतो, पण पाहुण्याच्या हातात तांब्या देऊन विहीर राखणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

आता ते दुखणे. २०२० साली आपल्या सरकारने कृषी पर्यटन धोरण आणले. शेतकऱ्याने शेतावर पाहुणे ठेवावेत, जोडधंदा करावा, म्हणून. मी उत्साहाने गावोगाव सांगत फिरलो. आमच्या खेड तालुक्यात भीमाशंकरच्या रस्त्याला एका शेतकऱ्याने माझे ऐकले. कर्ज काढून घरापासून दोनशे फुटांवर चार खोल्या बांधल्या. गरम पाण्याचे यंत्र, रंगीत दिवे, सगळे. नारळ मीच फोडला. पहिल्या दिवाळीला माणसे आली. आपली बाटली आपण घेऊन आली, रात्री गाणी लावली, आणि घरच्या बायकांना बाराला रस्सा गरम करायला उठवले. दुसऱ्या वर्षी बायकांनी हात वर केले आणि पाहुणेही आटले. आज त्यातल्या दोन खोल्यांत कांदा भरलेला आहे. हप्ते चालूच आहेत. तो मला कधी एक शब्द बोलला नाही. रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, तेच अधिक लागते.

लग्न उरकून रात्री परतलो तेव्हा आमच्या सौ. आणि ती बाई ओट्यावर बसून हिशेब बोलत होत्या. मी विचारले असते तर तिने सांगितले नसते. शाळेच्या वहीत ती सगळे लिहिते. खोलीला रात्रीचे दीड हजार, त्यात दोघांची न्याहारी. जेवण हवे तर आदल्या दिवशी सांगायचे, आणि घरात जे शिजेल तेच. दिवाळी ते होळी शनिवार-रविवारी दोन्ही खोल्या भरतात, एरवी एखादे जोडपे. पावसाळ्यात बंद. बांधकाम काहीच केले नाही. खर्च झाला तो दोन संडास दुरुस्त करायला आणि चादरींना. दारू चालत नाही, हे खोली दाखवतानाच सांगते. दहानंतर अंगणातला दिवा ती स्वतः मालवते.

"पोट भागतं का?" सौं.नी विचारले.

"पोट दर्याच भरतो. ह्या पैशात पोराचं जाळं झालं, कौलं शेकारली. नायतर दलाल दर महिन्याला फटफटीवर येतोय, वाडी विका म्हणून."

दलाल का येतो ते सांगायला नको. शहर मोर्व्यापर्यंत येऊन ठेपले आहे. डोंगरीला मेट्रोच्या गाड्यांचे आगार करायचे म्हणून झाडे तोडण्यावरून २०२५ साली मोठा वाद झाला, तो तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल.

शुक्रवारी पहाटे आम्ही चौकापर्यंत चालत गेलो. तासाभराची वाट. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये बोंबलांची शेते. शेतेच म्हणतो, कारण दुरून द्राक्षाच्या मांडवासारखी दिसतात. बांबू उभे रोवायचे, आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि दोन दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगायचे. मीठ लावत नाहीत. बोंबलात पाणीच फार, ते उन्हावाऱ्याने तीन-चार दिवसांत जाते. ढग आले की यांच्या पोटात गोळा येतो, आपल्या बेदाणेवाल्यांच्या येतो तसाच. टांगायचे काम सगळे बायकांचे, आणि हात इतके चपळ की पाहताना आपले डोळे थकावेत.

चौकाला धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. मुंबईतली झोपडपट्टी ती धारावी निराळी. किल्ला म्हणून पाहायला गेलात तर निराश व्हाल. थोडी भिंत, थोडा चौथरा. पण तिथे उभे राहून समोर पाहा. खाडीच्या पलीकडे वसईचा कोट दिसतो, आणि चिमाजी आप्पांना ही जागा का हवी होती ते न सांगता कळते. वसईला समुद्रातून येणारे गलबत याच तोंडातून जाणार. इथे तोफ बसली की वसईचा दाणागोटा अडला. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत या टेकाडासाठी दोन्ही बाजूंनी झुंज झाली, आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या. आमच्या भीमाशंकरला देवळापुढे टांगलेली, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची, नाशिकला नारोशंकराची, या त्यांपैकीच. लहानपणापासून जी घंटा मी उड्या मारून वाजवली ती कुठून निघाली ते गाव मी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी पाहिले. सौ. म्हणाल्या, "एवढी जड घंटा घाटावर चढवणाऱ्या बैलांचे कुणी नाव लिहून ठेवले का?" ठेवलेले नाही.

आणखी पाहण्यासारखे पुष्कळ आहे. गोराईच्या बाजूला विपश्यनेचा पॅगोडा आहे, २००९ मध्ये खुला झालेला. आठ हजार माणसे बसतील एवढा घुमट आणि आत एकही खांब नाही, दगडात दगड अडकवून उभा केलेला. पूर्वेला घोडबंदरचा किल्ला. तो आमचा राहिला. परतताना भाईंदरहून वसईला जाणाऱ्या बोटीत बसलो. २०२४ पासून त्या बोटीत मोटारगाड्याही जातात, त्यामुळे फेरा वाचतो. निघताना त्या बाईने फुगे तळून दिले. आंबवलेल्या पिठाचे पोकळ गोळे, त्यांच्याकडे लग्नाकार्यात करतात. त्याचे पैसे घेतले नाहीत. पाव किलो सुक्या बोंबलाचे मात्र चोख घेतले.

तुमच्यापैकी कुणाच्या मनात असे काही करायचे असेल तर एवढे सांगतो. शेतावरच्या केंद्रासाठी कृषी पर्यटनाची नोंदणी, आणि राहत्या घरातल्या खोल्यांसाठी निवास व न्याहारी योजना, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरीत घरमालकाने कुटुंबासह त्याच घरात राहायला हवे. दोन्हींची चौकशी पर्यटन संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात करा. कर्जाचा कागद त्यानंतर, आणि तोही घरातल्या बाईने वाचल्यावर.

गावी आल्यावर रविवारी आम्ही दोघे भीमाशंकरच्या रस्त्याला त्या शेतकऱ्याकडे गेलो. मी पहिल्यांदाच त्याला म्हटले की माझे चुकले. तो चहा ढवळत राहिला. सौ. आत स्वयंपाकघरात गेल्या होत्या. उत्तनचे सगळे ऐकून त्याची बायको बाहेर आली आणि दारात उभी राहून मला म्हणाली, "साहेब, त्या वेळी मला कुणी इचारलं होतं का?"

मी म्हटले, "नाही विचारले. आता विचारतो."

तिने सासूबाईंची माजघरालगतची खोली दाखवली. सासूबाई जाऊन दोन वर्षे झाली. खिडकीतून डोंगर दिसतो. "ही देता येईल," ती म्हणाली, "पण भाकरी चुलीवरची, आन् दारू न्हाई." नवरा अजून काही बोलला नव्हता. त्याने फक्त विचारले, कांदा कधी हलवायचा.