झीज काय सांगते

कंट्रोलर दुरुस्तीला आला की मी लगेच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत नाही. आधी तो नुसता धरते आणि उजेडाकडे फिरवून बघते. उजवा ट्रिगर सैल झाला असेल, तर हा फुटबॉल खेळणाऱ्याचा असण्याची शक्यता मोठी, कारण त्या गेममध्ये पळायचं तर ट्रिगर दाबूनच ठेवावा लागतो. डावं ॲनालॉग, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी, खाली दाबल्यावर खुळखुळत असेल, तर शूटिंगचे गेम. तिथे धावण्यासाठी अंगठ्याने ॲनालॉगच दाबायचं असतं. मुठींच्या आतल्या बाजूचं खरखरीत प्लास्टिक चकचकीत झालं असेल, तर खेळणारा हात गरजेपेक्षा जास्त आवळून धरतो आहे. जुन्या खुरप्याची मूठ जशी धरणाऱ्याच्या हाताप्रमाणे झिजते, तसाच कंट्रोलरही झिजतो. गिऱ्हाइकाने तक्रार सांगण्याआधीच निम्मी हकिगत हाताला कळलेली असते.

पुण्यात मी हे काम करते. सोल्डरची तार, फ्लक्स, विक असलं सामान तापकीर गल्लीतून येतं. कंट्रोलर येतात कुठूनही. कोणी त्याला जॉयस्टिक म्हणतं, कोणी रिमोट. ‘ॲनालॉग गेलंय’ एवढं म्हटलं की मला सगळं समजतं. इतके कंट्रोलर उघडून आणि मिटून माझं एक मत पक्कं झालं आहे. कंट्रोलर हाताला बरा वाटतो की नाही, ते त्याच्या मऊपणावर ठरत नाही. कोणत्या बोटाला किती काम आणि कोणत्या बोटाला किती विश्रांती, यावर ते ठरतं. आणि हा आराम टिकाऊ नसेल, तर त्याला आराम म्हणण्यात अर्थ नाही.

हात मांडीवर सैल सोडून बघा. तळवे पूर्ण खाली वळलेले नसतात, ते थोडे एकमेकांकडे बघत असतात. बोटं अर्धवट मिटलेली असतात आणि अंगठा तर्जनीच्या कडेला टेकत आलेला असतो. ही हाताची मूळ बैठक. कंट्रोलर या बैठकीपासून हाताला जितका दूर ओढेल, तितका ताण मनगटात आणि अंगठ्याच्या मुळाशी साठत जातो. दहा मिनिटांत तो कळत नाही, दोन तासांनी कळतो.

सुरुवातीच्या कंट्रोलरांनी हाताचा हा विचार निम्माच केला होता. निंटेंडोच्या गुनपेई योकोई यांनी १९८२ साली ‘डाँकी काँग’च्या हातातल्या खेळासाठी अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण केलं, आणि पुढच्याच वर्षी ते निंटेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्राच्या कंट्रोलरवर आलं. त्या बटणाबद्दल मला अतिशय आदर आहे. न बघता अंगठ्याला चारही दिशा कळतात. मधल्या उंचवट्यावर ते झुलतं, म्हणून डावं आणि उजवं एकाच वेळी दाबलं जात नाही. खाली कार्बनची टिकली लावलेलं रबर असतं. टिकली पीसीबीवरच्या दोन पट्ट्या जोडते आणि बटण दाबल्याचं यंत्राला कळतं. इतकी साधी रचना की स्पिरिटने पुसून अनेक जुने कंट्रोलर पुन्हा चालू होतात. पण अंगठ्यासाठी एवढा विचार करणारा हा कंट्रोलर बाकीच्या हाताला नुसती चपटी आयताकृती पेटी देत होता. तिचे कोपरे तळव्यात रुतायचे. धरायचं काम आणि दाबायचं काम दोन्ही अंगठ्याच्या आसपासच्या स्नायूंवर पडायचं. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टरांचं पत्र छापून आलं. सतत बटण दाबून अंगठ्याच्या कंडरेला येणाऱ्या दुखण्याला त्यांनी ‘निंटेंडिनायटिस’ असं नाव दिलं होतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॅसेट घालून खेळायचे जे व्हिडिओ गेम घरोघरी आले, त्यातले बरेचसे फॅमिकॉमच्याच नकला होत्या. त्या पिढीच्या अंगठ्यांना हे दुखणं नाव न कळताही माहीत आहे.

१९९० च्या सुपर फॅमिकॉमने कोपरे गोल केले आणि वरच्या कडेला दोन बटणं देऊन तर्जनीलाही काम दिलं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्याच कंट्रोलरवर चार बटणांपैकी दोन फुगीर आणि दोन खोलगट होती, म्हणजे आपण कुठल्या बटणावर आहोत ते अंगठ्याला स्पर्शावरूनच कळायचं. पण माझ्या मते खरा बदल १९९४ च्या डिसेंबरात झाला. पहिल्या प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला तेइयु गोतो यांनी खाली दोन मुठी दिल्या. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांना धरायला जागा मिळाली. धरणारी बोटं वेगळी आणि खेळणारी बोटं वेगळी झाली. आज कुठलाही कंट्रोलर घ्या, ही विभागणी त्यात आहेच. ती जिथे बिघडते तिथे हात दुखतो.

मग ॲनालॉग आलं आणि नवी कसोटी उभी राहिली. १९९६ च्या निंटेंडो ६४ ला तीन मुठी होत्या आणि मधोमध ॲनालॉग. आत प्लास्टिकवर प्लास्टिक घासायचं; झिजलेला कंट्रोलर उघडला की पांढरी पूड सांडते आणि दांडी लोंबकळलेली असते. ‘मारिओ पार्टी’मधल्या काही खेळांत ते ॲनालॉग भराभर गोल फिरवावं लागे. अंगठ्याने जमेना, म्हणून मुलं तळहात दांडीवर ठेवून फिरवू लागली. तळहातांना फोड आले, कातडी सोलवटली. शेवटी २००० साली न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलशी झालेल्या तडजोडीत निंटेंडोने हातमोजे द्यायचं कबूल केलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. कंट्रोलरचा आकार चांगला असून भागत नाही. त्याच्याकडून कोणती हालचाल करून घ्यायची हे खेळ बनवणारा ठरवतो, आणि ती हालचाल हाताला पेलणारी आहे की नाही ते पाहण्याची जबाबदारीही त्याचीच असते.

हाताचं मापही एकच नसतं. माझा हात लहान आहे, म्हणून हा मुद्दा मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. २००१ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सबरोबर आलेला कंट्रोलर इतका मोठा होता की लोक त्याला ‘ड्यूक’ म्हणू लागले. तो हातात घेतला की माझा अंगठा लांबच्या बटणापर्यंत पोहोचवायला मला मुठीवरची पकड सोडावी लागते. जपानसाठी मायक्रोसॉफ्टने लहान कंट्रोलर काढला, आणि पुढे सगळीकडे तोच दिला जाऊ लागला. लहान हातांसाठी केलेला आकार मोठ्या हातांनाही चालला, उलटं मात्र झालं नाही. २०२० च्या एक्सबॉक्स कंट्रोलरमध्येही आकार आणखी थोडा आटोपशीर करण्यात आला, तो आठ-दहा वर्षांच्या मुलांपासून सगळ्यांच्या हातात बसावा म्हणूनच. याच विचाराचं पुढचं पाऊल म्हणजे २०१८ चा एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर. त्यावर दोन मोठी गोल बटणं आणि मागे बाहेरची बटणं जोडायला १९ जॅक. ज्याला पायाने, कोपराने किंवा हनुवटीने खेळायचं आहे, त्याने आपल्याला जमेल तिथे बटण लावावं. सोनीनेही २०२३ मध्ये ॲक्सेस नावाचा कंट्रोलर आणला. हाताने यंत्राला जुळवून घ्यायचं की यंत्राने हाताला, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरं नाही.

मला नेहमी विचारतात की एक्सबॉक्सचा कंट्रोलर बरा की प्लेस्टेशनचा. एक्सबॉक्सवर डावं ॲनालॉग वर आणि बाहेर असतं. सैल धरलेल्या हाताचा अंगठा आपोआप तिथेच येतो. प्लेस्टेशनवर दोन्ही ॲनालॉग खाली, आतल्या बाजूला आणि एका रेषेत. तिथे अंगठा जरा वळवावा लागतो. माझ्या हाताला पहिली रचना सोपी जाते. पण ज्यांचे अंगठे लांब आहेत किंवा जे लहानपणापासून दुसऱ्या रचनेवर वाढले, त्यांना ती अडचण वाटत नाही, आणि त्यांच्या कंट्रोलरची झीजही तसं सांगत नाही. वजनाचंही तसंच. प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स सुमारे २८० ग्रॅमचा आहे, आधीच्या ड्युअलशॉक ४ पेक्षा बराच जड. तरी तो हाताला खुपत नाही, कारण मुठी भरीव आहेत आणि भार तळव्यावर येतो, बोटांच्या टोकांवर नाही. त्याच्या पृष्ठभागावरची खरखर भिंगाखाली बघा: ती त्रिकोण, गोल, फुली आणि चौकोन यांच्या बारीक बारीक चिन्हांची आहे. घामेजलेल्या हाताला पकड मिळावी, म्हणजे आवळून धरावं लागू नये, यासाठी केलेली ही मेहनत पाहून मला मनापासून आनंद होतो.

मात्र याच कंट्रोलरच्या पोटात जे ॲनालॉग बसवलेलं असतं, त्याबद्दल मी समाधानी नाही. त्याचा सांगाडा बोटाच्या पेराएवढा. दोन बाजूंना दोन छोट्या डब्या, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. डबी उघडली की काळ्या कार्बनची कमानदार पट्टी दिसते आणि तिच्यावरून घासत जाणारी धातूची बारीक जिभली. दांडी हलली की जिभली सरकते, रोध बदलतो, आणि त्यावरून यंत्राला दिशा समजते. कुठेही जायचं तरी दांडी मधूनच जाते, म्हणून पट्टी मधोमध सगळ्यात जास्त झिजते. भिंगातून तिथे एक चकाकणारी रेघ दिसते. ती रेघ पडली, किंवा दांडीला मध्यावर आणणारी स्प्रिंग थकली, की हात न लावताही पडद्यावरचा खेळाडू एका बाजूला चालू लागतो. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. निंटेंडो स्विचच्या जॉय-कॉनमध्ये ही तक्रार इतकी वाढली की अमेरिकेत २०१९ मध्ये खटला दाखल झाला आणि पुढच्या वर्षी कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली.

ड्रिफ्ट हा हाताच्या आरामाचाच प्रश्न आहे. नेम सरकू लागला की खेळणारा अंगठ्याने त्याच्या उलट दाब देत राहतो. त्याला पत्ताही लागत नाही, पण त्याच्या अंगठ्याची विश्रांती संपलेली असते. काही लोक सेटिंगमध्ये जाऊन डेड झोन, म्हणजे मध्याजवळच्या ज्या हालचालीकडे यंत्र दुर्लक्ष करतं ती जागा, वाढवतात. मग हलक्या हालचाली यंत्राला कळेनाशा होतात आणि अंगठा जास्त जोर लावू लागतो. यावर उपाय जुना आहे. सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टमध्येच चुंबक आणि त्याची हालचाल ओळखणारे हॉल सेन्सर वापरले होते. तिथे मोजमापासाठी काहीच एकमेकांवर घासत नाही, म्हणून झिजायला कार्बनची पट्टीही नाही. आज तसे सुटे ॲनालॉग बाजारात मिळतात आणि मी ते आग्रहाने बसवते.

पण बसवणं सोपं नाही. एका ॲनालॉगचे १४ पाय पीसीबीला सोल्डर केलेले असतात. त्यातले काही ग्राउंडच्या मोठ्या तांब्याच्या पट्ट्याला जोडलेले, ते उष्णता ओढून घेतात. घाईने ओढलं तर भोकातली तांब्याची कडी निघून येते आणि चांगला बोर्ड जायबंदी होतो. हे काम घरी करता येण्यासारखं नाही, आणि दुरुस्तीचं दुकान जवळ नसेल तर बाकी सगळं ठणठणीत असलेला कंट्रोलर कचऱ्यात जातो. सोनीने २०२३ मध्ये आणलेल्या ड्युअलसेन्स एजमध्ये ॲनालॉग आख्खं बाहेर काढून नवं बसवता येतं, सोल्डर न करता. म्हणजे हे शक्य आहे. मात्र ते महागड्या कंट्रोलरपुरतंच आहे.

म्हणून दोन सांगणी. खेळणाऱ्यांनी कंट्रोलर विकत घेताना तो दुकानात निदान दहा मिनिटं धरून बघावा. खालची तीन बोटं आवळल्याशिवाय तो हातात राहतो का आणि अंगठा पकड न सोडता प्रत्येक बटणापर्यंत पोहोचतो का, एवढंच तपासावं. ड्रिफ्ट सुरू झाला तर ओढून ताणून खेळत बसू नये, लगेच दुरुस्त करून घ्यावा. आणि बनवणाऱ्यांना सांगणं असं, की मुठीचा आकार ठरवायला तुम्ही एवढे कष्ट घेता, तेवढेच झिजणाऱ्या भागावर घ्या. साध्यातल्या साध्या कंट्रोलरमध्येही ॲनालॉग झिजणार नाही असं द्या, नाहीतर सहज बदलता येईल असं द्या. नव्या कंट्रोलरचा आराम दुकानात कुणालाही जाणवतो. त्याची घडण चांगली होती की नाही, ते तीन वर्षांनी अंगठा सांगतो.