दोष पाहुण्याचा नव्हता

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात एकच कॉम्प्युटर आहे. त्यावर विंडोज १० चालतं आणि त्या विंडोजच्या पोटात आणखी एक कॉम्प्युटर आहे. त्याला स्वतःचा पडदा नाही की कीबोर्ड नाही. व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामनं तो उभा केलेला आहे. त्यात लिनक्स आहे आणि लिनक्सवर कोहा ही ग्रंथालयाची प्रणाली. ती न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० साली वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ती लिनक्सवर चालते आणि आमच्या बाकीच्या कामांना विंडोज लागतं, म्हणून ही सोय.

त्या कोहात तीन हजारांवर पुस्तकांच्या नोंदी आहेत. जवळजवळ सगळ्या आपांनी केलेल्या. आपा निवृत्त शिक्षिका. दोन वर्षं रोज जोहरच्या नमाजनंतर येऊन बसायच्या. नाव, लेखक, किंमत एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. टिपेच्या रकान्यात पुस्तक कुणाच्या घरून आलं तेही लिहायच्या. ‘निकाहात दोन प्रती मिळाल्या, एक इथे दिली.’ ‘मुलगा पुण्याला गेला, आता घरात वाचणारं कुणी नाही.’ गेल्या वर्षी आपा अल्लाहला प्यारी झाल्या. कागदी रजिस्टरात या टिपांपैकी एकही नाही.

एका शनिवारी कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद पडलं. बरीच खटपट केली आणि शेवटी विंडोजच्या सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रीसेट’ दाबलं. तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं की सगळे नेटवर्क अडॅप्टर काढून पुन्हा बसवले जातील, आणि व्हर्च्युअल स्विचसारख्या गोष्टी नंतर परत बसवाव्या लागतील. मी वाचलं नाही. ‘होय’ म्हटलं. मशीन बंद होऊन चालू झालं, इंटरनेट आलं. मी खुशीत घरी गेलो.

रविवारी कोहा उघडेना. ब्राउझर म्हणे, पत्ता सापडत नाही.

या व्यवस्थेत बाहेरच्या कॉम्प्युटरला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. यजमान आणि पाहुणा. घरात काही हरवलं की आधी बाहेरून आलेल्याकडं नजर जाते, तसंच माझं झालं. दोन रात्री मी पाहुण्याचीच झडती घेत होतो. त्याचा सर्व्हर बंद करून चालू केला, फायरवॉल तपासली, फायली उघडून पाहिल्या. तो बिचारा दर वेळी सांगत होता, माझं सगळं ठीक आहे. माझा पत्ता १९२.१६८.५६.१०१, मी इथंच आहे. मी ऐकत नव्हतो.

तिसऱ्या रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामू, तुम्ही ते जुनं मशीन काढून टाका. मी नवीन करून देतो, अर्ध्या तासाचं काम.” मी ‘रिमूव्ह’ दाबलं. व्हर्च्युअलबॉक्सनं विचारलं, फक्त यादीतून काढू की सगळ्या फायली पुसून टाकू? माऊस फायली पुसण्यावर होता. तेवढ्यात भाच्यानं विचारलं, “बॅकअप कधीचा आहे?”

मला आठवेना. आठवलं तेव्हा हातपाय गार पडले. शेवटचा बॅकअप आपा गेल्या त्याच्याही बऱ्याच आधीचा होता.

मी ‘कॅन्सल’ केलं. आतलं मशीन नीट बंद केलं आणि त्याचा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतला. पाऊण तास लागला. हे काम पहिल्या रात्री, कशालाही हात लावण्याआधी करायला हवं होतं.

मग मन शांत झालं आणि पहिल्यांदाच यजमानाकडं पाहिलं. होस्ट आणि गेस्ट यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून व्हर्च्युअलबॉक्स विंडोजमध्ये एक आभासी नेटवर्क कार्ड बसवतो. त्याचं नाव ‘होस्ट-ओन्ली’ अडॅप्टर. नेहमी त्याचा पत्ता असतो १९२.१६८.५६.१. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ लिहून पाहिलं, तर तिथं १६९.२५४ पासून सुरू होणारा पत्ता. पत्ता देणारं कुणी भेटलं नाही की विंडोज स्वतःच असा आकडा घेऊन बसतं. आमच्याकडं पत्ते वाटणारी डीएचसीपीची सोय बंद ठेवलेली आहे. हातानं दिलेला जुना पत्ता माझ्या रीसेटमध्ये पुसला गेला होता. पाहुणा आपल्या खोलीत होता, यजमानच दुसऱ्या गल्लीत जाऊन उभा होता.

व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क मॅनेजरमध्ये जाऊन पत्ता पुन्हा हातानं भरला. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. मग ‘पिंग’ करून पाहिलं. उत्तर आलं. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी बॅकअप घ्या. मग यजमानापासून सुरुवात करा. नेटवर्क कनेक्शन्समध्ये आभासी कार्ड दिसतं का? दिसत असेल तर चालू आहे की बंद? त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हर्च्युअलबॉक्सच्या ब्रिज्ड नेटवर्किंग ड्रायव्हरपुढं खूण आहे का? नसेल तर मशीन सुरूच व्हायला नकार देऊ शकतं. त्याचा आणि गेस्टचा पत्ता एकाच घरातले आहेत का? कार्डच गायब असेल तर नवीन तयार करता येतं. एवढं सगळं बरोबर निघालं, तरच पाहुण्याच्या खोलीचं दार वाजवा.

त्या रात्री कोहा उघडल्यावर मी काम काही केलं नाही. एकेक नोंद उघडून आपांच्या टिपा वाचत बसलो. एका ठिकाणी माझंच नाव होतं. ‘कॉलेजात असताना नेलं होतं, बावीस वर्षांनी परत आणून दिलं. दंड माफ.’

आता दर शनिवारी कुलूप लावण्याआधी बॅकअप घेतो. एक डिस्क वाचनालयात राहते, दुसरी माझ्या घरी.